कोण कुणासाठी थांबलंय?

हुबळी आणि धारवाड या जोडशहरांच्या मधल्या पट्ट्यात, जुन्या पुणे-बेंगळुरू रस्त्याला लागून रायापूर आहे. कारखान्यांच्या शेड, इस्कॉनचं मंदिर, राखीव मार्गिकेतून जाणाऱ्या बीआरटीएसच्या बस आणि रस्त्यापासून आत आत वाढत गेलेल्या वसाहती. या वसाहतींतल्या काही घरांत आता जिन्याखाली किंवा टीव्हीच्या कपाटात एक डबा चोवीस तास चालू असतो. आत दोन, चार, क्वचित सहा हार्ड डिस्क. कुणी तयार नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा साठ्याचा डबा, विकत घेतलेला असतो, कुणी ऑफिसातून निकालात निघालेल्या डेस्कटॉपमध्ये बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरून आणलेल्या डिस्क बसवलेल्या असतात. ही पुस्तिका त्या डब्यांच्या मालकांसाठी आहे आणि तिचा विषय एकच आहे: डबा मंद झाला तर काय करायचं.

विषय तांत्रिक आहे, पण त्यात पणाला काय लागलेलं असतं ते आधी सांगायला हवं. हा सगळा मुलूख गाण्याचा. कुंदगोळला सवाई गंधर्व, हुबळीत गंगूबाई हनगल, धारवाडात मल्लिकार्जुन मन्सूर आणि बसवराज राजगुरू, आणि गदगकडून बाहेर पडलेले भीमसेन जोशी. ८ जानेवारी १९५० रोजी आकाशवाणीचं धारवाड केंद्र सुरू झालं. पुढे घरोघरी टेपरेकॉर्डर आले आणि रेडिओवरचं गाणं, घरच्या बैठकीतलं गाणं टेप करून ठेवायची सवय लागली. सवाई गंधर्वांनी मराठी रंगभूमी गाजवलेली, त्यामुळे इथल्या मराठी घरांतल्या कॅसेटच्या खोक्यांत ख्यालाच्या शेजारी नाट्यपदंही सापडतात. दुसरीकडे, धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. जुन्या घरांच्या ट्रंकांत मोडीतले आणि मराठीतले कागद अजून आहेत. कॅसेट आता संगणकावर उतरवल्या जातात, कागद स्कॅन होतात, आणि दोन्ही जाऊन बसतात त्या डब्यात. मूळ टेपला बुरशी धरलेली असते, कागदाचे तुकडे पडत असतात. डब्यातली प्रत हीच पुष्कळदा वाचता येण्याजोगी शेवटची प्रत असते. मंद झालेली डिस्क बऱ्याच वेळा मरणपंथाला लागलेली डिस्क असते, म्हणून मी या विषयाकडे सोयीचा विषय म्हणून पाहत नाही. तो जतनाचा विषय आहे.

आता एक साधा हिशेब करू. कॅसेट चांगल्या दर्जात उतरवायची तर ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन चॅनल असा नमुना घेतात. म्हणजे सेकंदाला ५,७६,००० बाइट, तासाला साधारण दोन जीबी. हे गाणं नुसतं वाजवायला डिस्ककडून सेकंदाला अर्ध्या एमबीपेक्षा किंचित जास्त माहिती लागते. आजची साधी हार्ड डिस्क सलग वाचनात सेकंदाला दीडशे ते दोनशे एमबी सहज देते. गरजेच्या अडीचशे-तीनशे पट. तरीही विलंबित ख्याल रंगात आलेला असताना आवाज तुटतो, दोन सेकंद शांतता, मग पुढची जागा. मालक म्हणतो, डिस्क स्लो आहे, मोठी घेऊ, एसएसडी घेऊ, रॅम वाढवू.

पण तीनशे पट वेग हाताशी असताना वेग कमी पडला असं म्हणता येणार नाही. इथे कुणीतरी कुणासाठी तरी थांबलेलं आहे. गाणं वाजवणारा मोबाइल वायफायसाठी थांबतो, वायफाय सर्व्हरवरून फाइली पुरवणाऱ्या साम्बासाठी, साम्बा फाइल सिस्टिमसाठी, फाइल सिस्टिम डिस्कची जुडी सांभाळणाऱ्या रेडच्या (RAID) थरासाठी, रेडचा थर चारांपैकी एका डिस्कसाठी, आणि ती डिस्क स्वतःच्या हेडसाठी. या साखळीत नेमकी कुठली कडी अडली आहे हे शोधणं म्हणजेच दुरुस्ती. बाकी सगळं खरेदी आहे. या पुस्तिकेतलं प्रत्येक प्रकरण हाच प्रश्न एकेका थराला विचारतं: कोण कुणासाठी थांबलंय?

साखळीच्या तळाशी एक यंत्र आहे आणि त्याला यंत्राच्या मर्यादा आहेत. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद घेते. हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांच्या वर. त्याआधी हेडला योग्य पट्ट्यावर न्यायला आणखी ८-९ मिलिसेकंद. एकूण बारा-तेरा. म्हणजे इकडचं तिकडचं वाचायला सांगितलं तर निरोगी डिस्कसुद्धा सेकंदाला ऐंशीच्या आसपासच कामं उरकते, मग तिच्यावर किंमत कितीही छापलेली असो. १९५६ साली आयबीएमने रामॅक नावाचं यंत्र आणलं. त्यातल्या डिस्क साठ्यात चोवीस इंची पन्नास तबकड्या होत्या, त्यांत पन्नास लाख अक्षरं मावत आणि एखादी नोंद गाठायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. आज घरच्या डब्यात वीस टीबीची एक डिस्क बसते. साठा चाळीस लाख पटींच्या घरात वाढला आणि जागा गाठण्याचा वेळ जेमतेम पन्नास पटींनी कमी झाला. घरच्या सर्व्हरच्या अर्ध्या तक्रारी या तफावतीतून जन्मतात.

उदाहरणार्थ, चाळीस हजार फोटोंचा अल्बम पहिल्यांदा उघडला आणि प्रत्येक फोटोमागे तीन ठिकाणी वाचन झालं, तर एक लाख वीस हजार कामं झाली. सेकंदाला ऐंशीच्या हिशेबाने पंचवीस मिनिटं. डिस्कमध्ये काहीही बिघाड नाही, केबल ठीक आहे, आणि तरी घरचे म्हणणार की हे बंद पडलंय. इथे एसएसडी घेणं योग्य आहे, पण अख्खा अल्बम त्यावर टाकण्यासाठी नव्हे. फोटोंची लहान चित्रं आणि त्यांची सूची एवढंच एका छोट्या एसएसडीवर हलवलं की काम होतं. गाण्यांच्या साठ्याला तर त्याचीही गरज नाही, कारण गाणं सलग वाचलं जातं. तीच डिस्क एका कामाला उत्तम आणि दुसऱ्या कामाला अपुरी असू शकते, म्हणून ‘माझी डिस्क किती स्पीड देते’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही.

मोजायचं कसं, हा या पुस्तिकेतला सर्वांत मोठा भाग आहे आणि तो मोठा असायलाच हवा. लिनक्सवर आयओस्टॅट नावाचं साधन आहे. ते सविस्तर रकान्यांसह, दर पाच सेकंदांनी चालवा. पहिली आलेली तुकडी सोडून द्या, ती मशीन चालू झाल्यापासूनची सरासरी असते आणि आत्ताच्या दुखण्याबद्दल काही सांगत नाही. दुसरीपासून पाहा. प्रत्येक डिस्कसमोर वाचनाची आणि लेखनाची प्रतीक्षा मिलिसेकंदांत दिसते, आणि शेवटच्या रकान्यात डिस्क किती टक्के वेळ कामात होती ते. समजा चार डिस्क आहेत. तिघींची प्रतीक्षा ११, १३, १२. चौथीची ३४०. तिघी वीस टक्के कामात, चौथी शंभर टक्के. एवढ्या चार ओळींत अर्धं निदान झालं. फाइल चारही डिस्कवर विभागून ठेवलेली असते, त्यामुळे तिघींनी आपापला तुकडा कधीच देऊन ठेवला आहे आणि चौथीची वाट पाहत सगळे उभे आहेत. चौघींची सरासरी काढली तर ९४ येते आणि ‘सगळ्याच जरा स्लो आहेत’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. सरासरी पाहू नका, प्रत्येक डिस्क वेगळी पाहा.

इथे रेडबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कलेच्या तिघांनी १९८८ साली स्वस्त डिस्कच्या जुडीची कल्पना मांडली. तिच्यातली जादा माहितीची सोय आहे ती डिस्क मरते तेव्हा काय करायचं यासाठी. मेलेली डिस्क रेड ओळखतं, बाजूला काढतं आणि उरलेल्यांवरून काम चालवतं. पण अर्धी जिवंत डिस्क, जी शेवटी उत्तर देते पण तीन सेकंदांनी देते, तिच्यावर रेडकडे इलाज नाही. उत्तर आलं ना, मग डिस्क ठीक आहे, असं ते धरून चालतं. रेड आहे म्हणून निर्धास्त असलेल्या घरात आजारी डिस्क महिनोन्‌महिने सगळ्यांना थांबवत राहते ती यामुळेच.

त्या चौथ्या डिस्कला नेमकं झालंय काय? डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या स्मार्टच्या तक्त्यात तीन ओळी बघायच्या: ५, १९७ आणि १९९. पाचव्या ओळीत बदलून टाकलेल्या खराब सेक्टरची संख्या असते. १९७ मध्ये अजून निकाल न लागलेले, संशयित सेक्टर. हा आकडा शून्याच्या वर असेल तर डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत असते. डेस्कटॉपसाठी बनवलेली डिस्क असा प्रयत्न मिनिटभर, त्याहूनही जास्त करत राहू शकते. लिनक्स मात्र साधारणपणे ३० सेकंदांनी धीर सोडतं आणि डिस्क रीसेट करतं. नॅससाठी बनवलेली डिस्क सातेक सेकंदांत ‘वाचता येत नाही’ असं कळवून मोकळी होते आणि रेड बाकीच्या डिस्कवरून तो तुकडा काढतं. गाण्यात नेमका अर्ध्या मिनिटाचा खंड पडत असेल तर सिस्टिमच्या लॉगमध्ये रीसेटच्या ओळी शोधा.

१९९ ची गोष्ट वेगळी आहे. तो आकडा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वहनातल्या चुका मोजतो, म्हणजे बहुतेक वेळा साटा केबलचा दोष. हा आकडा एकदा वाढला की कधीच कमी होत नाही. म्हणून तो ४७ आहे की ४७० याला फारसा अर्थ नाही. आज लिहून ठेवा, केबल बदला, आठवड्याने पुन्हा पाहा. तिथेच थांबला असेल तर रोग गेला, आणि शे-दीडशे रुपयांच्या केबलने चांगली डिस्क भंगारात जाण्यापासून वाचली.

तिसरी शक्यता अशी की डिस्क अगदी निरोगी आहे पण या कामाची नाही. एसएमआर पद्धतीच्या डिस्कवर माहितीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं कौल बदलायचं तर त्यावर चढलेली पुढची कौलंही उचलावी लागतात. अशी डिस्क नवं लेखन आधी एका राखीव भागात घेते आणि सवडीने आत सरकवते. राखीव भाग भरेपर्यंत वेग झकास. तो भरला की वेग एकदम कोसळतो. पहिले वीस-तीस जीबी भरभर गेले आणि मग कॉपी रांगायला लागली, ही या डिस्कची ओळख. एप्रिल २०२० मध्ये हे प्रकरण जगभर गाजलं. वेस्टर्न डिजिटलने घरगुती नॅससाठी विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ (Red, म्हणजे लाल; वरचं RAID नव्हे) या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्कमध्ये ही पद्धत वापरली होती आणि खोक्यावर त्याचा उल्लेख नव्हता. झेडएफएस या फाइल सिस्टिमवर मोडकी डिस्क बदलून पुन्हा जुळणी करताना अशी डिस्क किती वेळ घेते याची चाचणी तेव्हा प्रसिद्ध झाली. नेहमीच्या पद्धतीच्या डिस्कला दिवसाच्या आत जमणारं काम तिने नऊ दिवसांहून जास्त वेळात केलं. या नऊ दिवसांत दुसरी डिस्क गेली तर साठा गेला, म्हणून हा फरक केवळ वेगाचा राहत नाही. कंपनीने कोणत्या डिस्कमध्ये काय आहे याची यादी जाहीर केली, अमेरिकेत ग्राहकांनी दावे लावले, आणि कंपनीने नेहमीच्या पद्धतीच्या डिस्कला रेड प्लस असं वेगळं नाव दिलं. विकत घेताना दुकानदाराला मॉडेल क्रमांक विचारा आणि यादीशी ताडून पाहा. यात संकोच करायचं कारण नाही.

डिस्क तपासण्याच्या आधी मात्र नेटवर्कच्या केबलकडे बघायचं असतं. कॉपीचा वेग सेकंदाला ११ एमबीच्या आसपास ठाम थांबलेला दिसला, ना वर ना खाली, तर डिस्कला हात लावू नका. गिगाबिट जोडणीला नेटवर्क केबलमधल्या आठही तारा लागतात. त्यांतली एखादी तुटली तर पुष्कळदा उपकरणं आपसांत तडजोड करून शंभर मेगाबिटवर येतात, त्याला चारच तारा पुरतात. दिवा लागतो, इंटरनेट चालतं, कुणाला संशय येत नाही. आकडा ३५-४० वर थांबत असेल तर बाहेरची डिस्क जुन्या यूएसबी २ च्या खाचेत बसली आहे. ११० च्या आसपास थांबत असेल तर तुमचं सगळं उत्तम चाललं आहे, गिगाबिटची मर्यादाच ती आहे. ठाम थांबलेला आकडा बहुधा मर्यादा दाखवतो, वरखाली होणारा आकडा रांग दाखवतो.

वेळापत्रकही तपासा. डेबियनवर सॉफ्टवेअर रेडची तपासणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर आपोआप सुरू होते. डिस्क मोठ्या असल्या तर ती रविवारी दिवसभर चालू शकते, आणि नेमकं त्याच दिवशी घरात सगळे गाणी आणि फोटो काढून बसतात. आपल्याकडे आणखी एक कारण आहे, वळीव. एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग येतात, वारा सुटतो, वीज जाते. यूपीएस नसेल तर डबा धाडकन बंद पडतो. वीज आली की तो चालू होतो आणि मुकाट्याने सगळ्या डिस्कची एकमेकींशी पडताळणी सुरू करतो, ती कित्येक तास चालते. दुसऱ्या दिवशी ‘कालच्या पावसात डिस्क खराब झाली’ असं म्हणत लोक डबा घेऊन येतात, तेव्हा ती पडताळणी अजून संपलेली नसते. रेडमध्ये बिटमॅप, म्हणजे कुठल्या भागात लेखन चालू होतं याची नोंद, चालू ठेवला असेल तर हेच काम मिनिटांत उरकतं. यूपीएस आणि बिटमॅप या दोन गोष्टींचा मी या भागात आग्रहच धरतो.

कपाटातल्या उकाड्याची चर्चा पुस्तिकेत आहे, पण थोडक्यात. आवाजाची मात्र मुद्दाम सविस्तर केली आहे. २००८ च्या अखेरीस ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने सन कंपनीच्या प्रयोगशाळेत डिस्कच्या रांगेसमोर उभं राहून जोरात ओरडून दाखवलं आणि त्या क्षणी डिस्कची प्रतीक्षा उसळलेली आलेखावर दिसली. त्याची चित्रफीत प्रसिद्ध आहे. हेड पट्ट्यावर स्थिर राहायला हवं, ते कंपनाने हललं की लेखन चुकतं आणि पुढच्या फेऱ्याची वाट पाहावी लागते. गाण्याच्या शौकिनांच्या घरी डबा आणि सबवूफर एकाच फळीवर असतात. तबल्याच्या डग्ग्यावर थाप पडली की तीच फळी थरथरते. डबा जमिनीवर, रबरी पायांवर ठेवून पुन्हा मोजा. फरक पडला तर एक पैसाही खर्च न होता काम झालं.

चाचणीबद्दल एक सावधगिरी. शून्यांनी भरलेली मोठी फाइल लिहून वेग मोजायची पद्धत फार पसरली आहे. दाबून साठवणाऱ्या फाइल सिस्टिमवर ती शून्यं डिस्कपर्यंत पोचतच नाहीत, आणि इतरत्र ती आधी रॅममध्ये जाऊन बसतात. आकडा भलताच छान येतो आणि खोटा असतो. एफआयओ हे साधन वापरा, रॅमपेक्षा मोठी फाइल घ्या, आणि तुमचं रोजचं काम जसं आहे तशीच चाचणी लावा. जागा नव्वद टक्क्यांच्या वर भरलेली असेल तर आधी ती मोकळी करा, मग मोजा.

आणि या सगळ्याआधी, संशय आल्याक्षणी, जे पुन्हा मिळणार नाही त्याची दुसरीकडे प्रत करा. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कवर स्मार्टच्या चार मुख्य धोक्याच्या निशाण्यांपैकी एकही उमटलेली नव्हती. तक्ता कोरा आहे म्हणून डिस्क निरोगी आहे असं धरता येत नाही. प्रतीक्षेचा वाढलेला आकडा ही काही वेळा तुम्हाला मिळणारी एकमेव सूचना असते. जोरदार चाचण्या, लांबलचक तपासण्या आणि पुन्हा जुळणी या तिन्ही गोष्टी थकलेल्या डिस्कवर भार टाकतात. त्या प्रतीनंतर.

क्लाउड, तयार नॅसच्या ब्रँडची तुलना आणि कार्यालयांचे मोठे सर्व्हर हे विषय मी घेतलेले नाहीत. झेडएफएस आणि साधं सॉफ्टवेअर रेड या दोन्हींसाठी सूचना वेगवेगळ्या दिल्या आहेत, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. पुस्तिकेच्या शेवटी एक कोरा तक्ता आहे. डबा नीट चालत असेल अशा एखाद्या दिवशी तो भरा: प्रत्येक डिस्कची नेहमीची प्रतीक्षा, ५, १९७ आणि १९९ चे आकडे, मॉडेल क्रमांक, नेटवर्कचा वेग आणि मासिक तपासणीला लागलेले तास. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. बिघाडाच्या दिवशी ३४० हा आकडा मोठा आहे हे कळायला आधीचा १२ माहीत असावा लागतो.

पहिलं प्रकरण नेटवर्क केबलचं आहे. त्यातली कामं डबा चालू ठेवूनच करता येतात. दुसऱ्या प्रकरणापासून डिस्कला हात लागतो, तेव्हा प्रत झाली आहे आणि त्या प्रतीतली दोन-चार गाणी शेवटपर्यंत वाजतात, एवढं पाहून मगच पान उलटा.